कर्नलला दशांश का चालत नाही

माझा भाचा बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. निपाणीच्या बाजूला, वेदगंगेच्या काठावर, त्याच्या काकांचं गुऱ्हाळ आहे. प्रोजेक्टसाठी त्यानं तिथलंच काम उचललं: काहिलीत रसाचं तापमान किती झालंय ते मोबाइलवर दिसलं पाहिजे. गूळ साधारण ११८ अंशांच्या आसपास उतरवतात. त्याच्या आधी उतरवला तर रवा नीट बसत नाही, उशीर झाला तर करपतो. तिथल्या गुळव्याला ह्यातल्या कशाची गरज नाही. तो पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी करून बघतो आणि चुलवाणावरच्या माणसाला हाक मारतो. पण कॉलेजला प्रोजेक्ट लागतो.

सामान अगदी थोडकं. रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक, तापमान मोजणारं एक के टाइप थर्मोकपल, आणि त्या दोघांच्या मध्ये मॅक्स ६६७५ नावाची चिप. लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ह्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा कोड, आधीपासूनच आहे, पण सरांनी सांगितलं होतं की स्वतः लिहून आणा. तर हा पठ्ठ्या एका रविवारी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे टिळकवाडीला आला.

"मामा, ह्याला साधा गुणाकार येईना झालाय."

"काय करूलास, दाखव बघू."

ओळ निरुपद्रवी होती. चिपकडून आलेला आकडा गुणिले ०.२५, आणि उत्तर फ्लोट, म्हणजे दशांश ठेवणाऱ्या, प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये. कंपायलर, म्हणजे आपला कोड मशिनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, म्हणत होता की इथे फक्त साधी रजिस्टर वापरायचं ठरलंय, त्यामुळे फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांशाचं गणित, चालणार नाही. तीच ओळ साध्या प्रोग्राममध्ये टाकली की सुरळीत चालते. ड्रायव्हरमध्ये टाकली की नाही. प्रोसेसर तोच, कंपायलर तोच.

त्याला वाटत होतं की आपलं काही इन्स्टॉल करायचं राहिलंय. तसं काही राहिलं नव्हतं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ड्रायव्हर त्याच्याच आत चालतो. तो कर्नल लिहिणाऱ्यांनीच ती वाट मुद्दाम बुजवून ठेवलीय.

ह्याचं एक उत्तर सगळीकडे ऐकू येतं: फ्लोटिंग पॉइंट हळू असतं, म्हणून कर्नल ते टाळतो. हे उत्तर शिळं झालंय. १९९१ साली लिनक्स इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर सुरू झालं तेव्हा दशांशाचं गणित करणारा भाग प्रोसेसरमध्ये नसायचाच, वेगळी चिप विकत घेऊन लावावी लागे. पुढच्या ४८६ मध्येसुद्धा डीएक्स ह्या प्रकारात तो होता आणि एसएक्समध्ये नव्हता. तेव्हा ते म्हणणं खरं होतं. आज दशांशाचा गुणाकार प्रोसेसरच्या चार-पाच ठोक्यांत उरकतो, उलट पूर्णांकांचा भागाकारच कित्येकदा त्याहून रेंगाळतो. आता प्रश्न वेगाचा उरलेला नाही. प्रश्न आहे की ती रजिस्टर कोणाची.

प्रोसेसरच्या आत आकडे ठेवायच्या जागा म्हणजे रजिस्टर. त्यांचे दोन गट असतात. पहिला गट पूर्णांकांसाठी आणि मेमरीच्या पत्त्यांसाठी. दुसरा दशांशाच्या गणितासाठी, आणि एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांसाठी. तुमचा प्रोग्राम चालू असताना दोन्ही गटांत त्याचेच आकडे भरलेले असतात.

आता कर्नल कधी जागा होतो? प्रोग्रामनं फाइल उघडायला सांगितली, नेटवर्कवरून काही आलं, घड्याळाचा टोला पडला. सेकंदाला हजारो वेळा, कामाच्या मशिनवर लाखो वेळाही. दरवेळी प्रोग्राम जिथं असेल तिथं थांबतो, कर्नल आत येतो, काम उरकतो आणि निघून जातो. आत येताना तो पहिल्या गटातले आकडे बाजूला लिहून ठेवतो आणि जाताना जसेच्या तसे परत ठेवतो. दुसऱ्या गटाला तो हातच लावत नाही. हात लावायचा नाही म्हणून लिहून ठेवायची गरज नाही. सगळा करार एवढाच आहे.

समजा हा करार कर्नलमधल्याच कुणी मोडला. साखर कारखान्याच्या गेटवर उसाचा काटा आहे आणि त्याचा हिशेब एका संगणकावर चालतो. गाडीचं वजन रजिस्टरमध्ये आलंय, दरानं गुणायचं बाकी आहे. नेमक्या त्या क्षणी इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून कर्नलला बोलावणारी हाक, येतो. आमच्या भाच्यानं लिहिलेला ड्रायव्हर जागा होतो, तेच रजिस्टर घेतो, त्यात ०.२५ नं गुणाकार करतो आणि निघून जातो. काट्याचा प्रोग्राम जिथं थांबला होता तिथून पुढे सुरू होतो. उसाच्या वजनाच्या जागी आता गुळाचं तापमान बसलंय. मशीन बंद पडत नाही, एरर येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही. शेतकऱ्याच्या पावतीवर ११८ टन येतात. आणि हे रोज होत नाही, दोघांची वेळ जुळली तरच. असला बग मी एकदा तीन आठवडे शोधलाय. त्या तीन आठवड्यांबद्दल मी घरी कुणाशी बोलत नाही.

आकड्यांच्या जोडीला सेटिंगही असतात. उत्तर वर ओढायचं की खाली, अगदी सूक्ष्म आकड्यांना शून्य मानायचं का, शून्यानं भागलं तर ओरडायचं की गप्प बसायचं, हे प्रत्येक प्रोग्राम आपल्यापुरतं ठरवू शकतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम केलेल्यांना हे पटकन कळेल. दुसऱ्याचा जॉब लावलेल्या मशिनवर आपण मध्येच एक कट मारायचा म्हटलं तर टूल ऑफसेटपासून सगळं आहे तसं टिपून ठेवावं लागतं, नाहीतर त्याचा पुढचा पीस रिजेक्ट. इंटेलच्या जुन्या गणिती भागात तर आणखी एक गंमत होती. प्रोग्रामनं केलेल्या चुकीची ओरड लगेच व्हायची नाही, पुढच्या दशांशी सूचनेपर्यंत तुंबून राहायची. ती पुढची सूचना कर्नलनं चालवली तर दुसऱ्याच्या चुकीचा फटका कर्नलला.

मग भाच्यानं सरळ विचारलं. पहिला गट लिहून ठेवता तसा दुसराही लिहून ठेवायचा की, त्यात काय.

आकार बघा. त्याच्या रास्पबेरी पायमध्ये पहिल्या गटात ३१ रजिस्टर, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे २४८ बाइट. दुसऱ्या गटात ३२ रजिस्टर, प्रत्येकी १६ बाइट: ५१२. इथवर ठीक आहे. इंटेलच्या बाजूला पहिला गट १६ रजिस्टरांचा, १२८ बाइटांचा. पण एव्हीएक्स ५१२ ह्या अनेक आकड्यांवर एकदम काम करणाऱ्या सूचना असलेल्या प्रोसेसरमध्ये दुसऱ्या गटातली मोठी रजिस्टर ३२, प्रत्येकी ६४ बाइट, म्हणजे नुसती तीच २,०४८ बाइट झाली. आणि एएमएक्स ही मॅट्रिक्सच्या गणिताची सोय असेल तर आणखी ८,१९२ बाइट. शेजारच्या घरी वाटीभर साखर मागायला जाताना आपल्या घरातलं सगळं सामान ट्रकमध्ये भरून न्यायचं आणि पाच मिनिटांनी परत लावायचं, असा प्रकार. तोही सेकंदाला लाखभर वेळा.

एका प्रोग्रामकडून दुसऱ्या प्रोग्रामकडे प्रोसेसर सोपवताना मात्र हे सामान हलवावंच लागतं, तिथं सुटका नाही. पूर्वी तिथंही आळस करायचे, आणि त्या पद्धतीचं नावच आळशी होतं. जुन्या प्रोग्रामचे आकडे दुसऱ्या गटात तसेच पडू द्यायचे, आणि नव्यानं त्यांना हात लावायचा प्रयत्न केला तरच धावत येऊन अदलाबदल करायची. हात लावलाच नाही तर मेहनत वाचली. पुढे जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम ती रजिस्टर वापरायला लागला, साधी मेमरी कॉपी करायलासुद्धा, त्यामुळे वाचणारी मेहनत उरली नाही. लिनक्सनं २०१६ मध्ये आळशीपणा सोडून दरवेळी अदलाबदल करायचं ठरवलं. जून २०१८ मध्ये बाहेर आलं की इंटेलच्या प्रोसेसरवर त्या पडून राहिलेल्या आकड्यांचा माग दुसऱ्या प्रोग्रामला काढता येतो. एन्क्रिप्शनच्या किल्ल्याही त्याच रजिस्टरांमधून जातात, म्हणजे किती गंभीर ते समजून घ्या. ज्यांनी आधीच सोडलं होतं ते त्यातून वाचले.

म्हणजे कर्नलमध्ये दशांश कधीच वापरत नाहीत असं नाही. वापरतात, पण रीतसर. इंटेलच्या बाजूला ते काम सुरू करण्याआधी 'कर्नल एफपीयू बिगिन' असं म्हणावं लागतं आणि संपल्यावर 'कर्नल एफपीयू एंड'. एआरएमवर, म्हणजे रास्पबेरी पायमध्ये असतो त्या जातीच्या प्रोसेसरवर, त्याच जोडीचं नाव 'कर्नल निऑन बिगिन' आणि 'एंड'. बिगिन म्हटलं की त्या प्रोग्रामचे आकडे सुरक्षित जागी जातात आणि सेटिंग कोरी होतात. त्याच्या बदल्यात अट अशी की एंड म्हणेपर्यंत झोपायचं नाही, म्हणजे डिस्कची किंवा नेटवर्कची वाट बघत थांबायचं नाही. साधारणपणे तेवढा वेळ तो प्रोसेसर दुसऱ्या कामालाही देता येत नाही. म्हणून हे सगळं मोठ्या खेपेलाच परवडतं. रेडमधली, म्हणजे अनेक डिस्क जोडून डेटा जपायच्या पद्धतीतली, पॅरिटी काढणं, एन्क्रिप्शन, अशी कामं जिथं एकदा सामान हलवलं की हजारो बाइटांवर हात चालवता येतो. एका गुणाकारासाठी कोण करेल?

बिगिन आणि एंडच्या मध्ये ओळ टाकली म्हणजे झालं, असंही नाही. कंपायलर सूचना मागंपुढं सरकवतो. त्या फाइलला दशांशाची परवानगी दिली असेल तर तो एखादी सूचना बिगिनच्या आधीही नेऊन ठेवील. म्हणून दशांशाचा कोड वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात, तेवढ्याच फाइलला परवानगी देतात आणि बाकी सगळ्यांना बंदी. एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये स्क्रीनला किती बँडविड्थ लागेल हे काढणारं भलंमोठं गणित आहे, आणि ते दशांशातच आहे. त्यांना ते असंच वेगळं काढावं लागलं. वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी एकसारखी सोय लिनक्सच्या ६.१० आवृत्तीत आली, म्हणजे २०२४ साली. एवढ्या वर्षांनी! माझ्या मते हा उशीर बरोबरच होता. वाट रुंद केली असती तर आमच्या भाच्यासारखे सगळेच तिथून गेले असते.

आता त्याचं काम. मी त्याला म्हटलं, तुझ्या पणज्याला पावकी पाठ होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी. शाळेत ओरडून पाठ करायचे ती पिढी. पाव हा काही दशांश नव्हता त्यांच्यासाठी, मोजायची ती एक वस्तू होती. पाच पाव म्हणजे सव्वा, सहा पाव म्हणजे दीड.

मॅक्स ६६७५ ही चिप अगदी तेच करते. ती अंश देत नाही, पाव अंश देते. तिच्याकडून १६ बिट येतात, खालचे तीन बिट तापमानाचे नसतात, म्हणून आकडा तीन घरं उजवीकडे सरकवायचा. जे उरतं ते पाव अंशांची मोजणी. ४७२ आले तर ४७२ पाव, म्हणजे ११८ अंश. कर्नलमध्ये तापमान मिली अंशात, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागात द्यायचा रिवाज आहे, तेव्हा एका पावाचे २५० मिली अंश. ४७२ गुणिले २५०, झाले १,१८,०००. कुठेही दशांश नाही. मॅक्सच्या तयार ड्रायव्हरमध्येसुद्धा हा २५० असाच लिहिलेला आहे. त्याच ड्रायव्हरमध्ये अंशाचा सोळावा भाग सांगणाऱ्या चिपसाठी ६२.५ लागतो. तिथं काय केलंय? ६२ एक पूर्णांक आणि त्याच्या शेजारी ५,००,००० हा दुसरा, दशलक्षांश म्हणून. दोन पूर्णांक शेजारी ठेवले की झाला दशांश. रुपये वेगळे, पैसे वेगळे.

सोळावा भाग म्हटल्यावर जुन्या माणसांना आणा आठवेल. १९५७ च्या आधी रुपयाचे सोळा आणे होते, आणि शेराचा सोळावा भाग छटाक, आठवा नवटाक. हे सगळे निम्म्याचे निम्मे करत गेलेले भाग. संगणक असेच भाग करतो, म्हणून पाव, आणा, नवटाक त्याच्याकडे काटेकोर बसतात. दहावा भाग मात्र बसत नाही. रुपयाचा दहावा भाग आण्यांत सांगा बघू. एक आणा होतो आणि वर थोडं उरतं. उरलेल्याचे निम्मे, त्याच्या निम्म्याचे निम्मे करत बसा, हिशेब कधी संपत नाही. म्हणूनच फ्लोटिंग पॉइंटमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ येतात. ह्यात संगणकाचं काही चुकलेलं नाही, त्याला आण्यांतच मोजता येतं.

अर्थात पूर्णांकात गेलं की सगळं सुरक्षित, असं समजू नका. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरानला अमेरिकेच्या पेट्रियट ह्या क्षेपणास्त्र पाडणाऱ्या यंत्रणेत वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजली जायची, आणि सेकंदात बदलताना वापरलेला तो दहावा भाग २४ बिटांत कापून बसवलेला होता. यंत्रणा शंभर तास बंद न करता चालू राहिली तेव्हा चूक साठून ०.३४ सेकंद झाली. समोरून येणारं इराकचं स्कड क्षेपणास्त्र तिला अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मेले. तिथं आणे कमी पडले.

भाच्याची चूक एवढी भयानक नव्हती, पण गुऱ्हाळावर हसं झालं. गुणाकार बरोबर केला, उत्तर मात्र १६ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं. तिथं ६५,५३५ च्या वर काही मावत नाही. रस तापत गेला, आकडा ६५ अंशांपर्यंत शहाण्यासारखा चढला आणि एकदम शून्यावर आला. मग पुन्हा चढायला लागला. काहील खदखदतेय, गुळव्या ढवळणाऱ्याला ओरडतोय, आणि ह्याच्या मोबाइलवर ५२.४. १,१८,००० मधून ६५,५३६ वजा करा, ५२,४६४ उरतात. गुळव्यानं स्क्रीनकडे बघितलं, मग काहिलीकडे, आणि कानडीत शेजारच्याला काहीतरी म्हणाला. भाच्यानं मला त्याचा अर्थ सांगितला नाही.

३२ बिटांचं व्हेरिएबल घेतल्यावर ते मिटलं.

एकदा ही नजर आली की कर्नलमध्ये सगळीकडे पावकी दिसायला लागते. लॅपटॉपची बॅटरी किती व्होल्टवर आहे ते कर्नल मायक्रोव्होल्टमध्ये सांगतो, प्रोसेसरचा वेग किलोहर्ट्झमध्ये. प्रत्येक ठिकाणी एकक इतकं बारीक घेतलंय की दशांशाची गरजच पडू नये. उद्यमबागेतला टर्नर तरी कुठे ०.०२५ मिलिमीटर म्हणतो? पंचवीस मायक्रॉन म्हणतो आणि कामाला लागतो.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण लोड ॲव्हरेजचं. मशिनवर गेल्या एका, पाच आणि पंधरा मिनिटांत सरासरी किती काम होतं, ते तीन आकडे. जुनं काम हळूहळू विसरत जायचं म्हणजे खरं तर घातांकाचं गणित, ई ह्या गणितातल्या ठरावीक आकड्याचा उणे एक छेद बारा एवढा घात, ०.९२००४ वगैरे. कर्नल काय करतो? एकाचे २,०४८ भाग करतो. एका मिनिटाच्या सरासरीसाठी १,८८४ हा आकडा आधीच काढून लिहून ठेवलाय, पाचसाठी २,०१४, पंधरासाठी २,०३७. दर पाच सेकंदांनी जुन्या सरासरीला १,८८४ नं गुणायचं, नव्या मोजणीला उरलेल्या १६४ नं गुणायचं, बेरीज करायची आणि अकरा घरं सरकवायची. घातांकाचं गणित कोणीतरी पूर्वी एकदाच केलं, कर्नल फक्त गुणाकार-बेरीज करतो. मशिनवरचं काम दाखवणाऱ्या टॉप कमांडवर १.३७ असा दिसणारा आकडा आतमध्ये २,०४८ च्या भागांत असतो. टिंब छापतानाच येतं.

आणि जिथं दशांश टाळताच येत नाही तिथं? उद्यमबागेतल्या मशिनांच्या संदर्भात लिनक्ससीएनसीचं, म्हणजे संगणकावरून लेथसारखी मशिनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, उदाहरण चांगलं आहे. कर्नलला वेळ काटेकोर पाळायला लावणाऱ्या जुन्या आरटीएआय पद्धतीत त्याचं हालचालीचं गणित कर्नलच्या आतच चालायचं. तिथं कामाचे दोन धागे करायचे. एक दर ५० मायक्रोसेकंदांनी जागा होणारा, त्यात मोटरला पल्स देणं एवढंच, नुसते पूर्णांक, दशांशाला बंदी. दुसरा दर मिलिसेकंदाला, त्यात कुठे जायचं आणि किती वेगानं ह्याचं दशांशी गणित. दशांश लागणारं काम चुकून पहिल्या धाग्याला जोडलं की सिस्टीम नकार द्यायची. घाईच्या हाताला हिशेब सांगायचा नाही, हिशेब शेजारी बसलेल्यानं करायचा. पुढे ते गणित कर्नलच्या बाहेरच नेलं, तिथं दशांश कितीही वापरा.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, फॅरनहाइटमध्ये दाखवता येईल का? भाच्यानं तिथल्या तिथं ड्रायव्हरमध्ये नऊ भागिले पाच कंसात लिहिलं, त्यानं गुणलं आणि बत्तीस मिळवले. पूर्णांकात नऊ भागिले पाच म्हणजे एक. स्क्रीनवर ११८ चे १५० झाले. २४४.४ यायला हवे होते. आधी नऊनं गुणून मग पाचनं भागायचं, हे त्याला दोन मिनिटांनी स्वतःच सुचलं. पण संध्याकाळी फोन करून म्हणाला, मामा, ती ओळ ड्रायव्हरमधून काढूनच टाकली, मोबाइलच्या ॲपमध्ये घातली. ड्रायव्हर आता नुसते पाव देतो.